आंब्याच्या कड्यावरची सोनघंटा

कोल्हापुरातून रत्नागिरीकडं निघालेली गाडी घाटमाथ्यावरच्या आंबा गावात चहाला थांबते. मग घाटातल्या एखाद्या वळणावर फोटो, आणि थेट गणपतीपुळे. उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. लेथवर काम चालू असताना गिऱ्हाइकाशी गप्पा होतातच. घाटात काय बघितलंत असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "काही नाही हो, पावसाळ्यातच मजा. आता सगळं उजाड."

त्याच उजाडात, डिसेंबर-जानेवारीत, सोनघंटा फुलते.

माणसाच्या उंचीचं झुडूप. कड्याच्या उतारावर, खडकाच्या खाचेत मूठभर माती असेल तिथं उभं. भोवतीचं गवत वाळून कोलमडलेलं असतं आणि हिच्या फांद्यांना केशरी-पिवळी फुलं लोंबत असतात. फूल खाली तोंड करून असतं, त्यामुळं नीट बघायचं तर आपणच वाकायचं. हलक्या बोटानं ते वर उचललं की पाकळ्यांवरच्या तांबूस शिरा दिसतात, आणि मधोमध पुंकेसरांची एकत्र जुळलेली नळी. जास्वंदीत असते तशीच, कारण कूळ एकच. भेंडी, अंबाडी, कापूस हे सगळे भाऊबंद. शेताच्या बांधावर उगवणारी मुद्रा म्हणजे पेटारी तर सख्खी बहीणच. पानं बदामाच्या आकाराची, टोकाला निमुळती. देठापासून कळीपर्यंत सगळीकडं लव.

ही वनस्पती जगाला माहीत झाली १८९४ मध्ये. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकवणारे वुड्रो आणि लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातले ओटो स्टाप्फ यांनी तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव दिलं 'अबुटिलॉन रानडेई'. हे रानडे म्हणजे वुड्रोंच्या हाताखाली वनस्पतींचे नमुने गोळा करणारे, सांभाळणारे. साहेबाच्या राज्यात नाव बहुधा साहेबाचंच लागायचं, इथं हाताखालच्या माणसाचं लागलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. ही सह्याद्रीबाहेर कुठं उगवत नाही. सह्याद्रीतही मोजक्याच जागी. नष्ट होण्याच्या काठावरच्या वनस्पतींत तिची गणना होते.

आता जरा भांडतो. पाऊस तोंडावर आला की मोबाईलवर निमंत्रणं सुरू होतात: चला, डोंगर हिरवा करूया. हेतू चांगला, टोप्या छान, वडापावही असतो. पण उघडा कातळ दिसला की त्यात खड्डे पाडून गुलमोहर नाहीतर गिरिपुष्प लावायचं, हे काय? त्या कातळाला त्याची स्वतःची झाडं आहेत. काही कंदातून वर येतात, काही फटीत तग धरतात, आणि त्यांना ऊन लागतं. तिथं परकी सावली आणून घातली की संपलं. गेल्या वर्षी मी हे ग्रुपवर लिहिलं, तर एक भाऊ म्हणाला, "मामा, तुमचा झाडांना विरोध आहे का?" काय बोलणार!

दुसरा घोर वणव्याचा. जाळलं की गवत जोमानं येतं ही जुनी समजूत. सोनघंटेची बोंडं वाळायची आणि डोंगर पेटायची वेळ नेमकी एकच. बी जमिनीवर पडतं न पडतं तोवर खाली राख. मोठी झुडपं खडकाच्या आडोशानं वाचतातही, पण कोवळी रोपं कुठून वाचणार? घाटात सिगारेट ओढून थोटूक खिडकीतून टाकणाऱ्यांना तर मी शिव्याच देतो, तेही अस्सल कोल्हापुरी.

फोटो टाकला की दोन प्रश्न हमखास येतात: नक्की जागा कुठली, आणि फांदी मिळेल का. दोन्हींना उत्तर नाही. दुर्मीळ झाडं लावायची हौसच असेल तर शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात जा. सह्याद्रीतली अशी झाडं तिथं जाणकार माणसं जपतात, काय आणि कसं लावायचं तेही त्यांनाच विचारा. घाटात बघायची असेल तर दुर्बीण घ्या, गाडी रुंद जागी लावा आणि वळणावर रस्त्याकडं पाठ करून उभे राहू नका. खालून साखरप्याकडून येणारे ट्रक तुमच्यासाठी ब्रेक मारणार नाहीत.