नखं अजून राखाडीच

आज दिवसभर पानाफुलांनी कापड रंगवत होते, हातात पानं आणि चिंध्या. दोनदा साबण लावूनही नखं राखाडीच आहेत.

सकाळी फिरताना झाडांखाली पडलेली पानं गोळा केली, तोडलं एकही नाही. १०० ग्रॅम सुती कापड डाळिंबाच्या सालींच्या पाण्यातून काढून रात्रभर १५ ग्रॅम तुरटीत भिजवलं होतं. रंग कापडाला बांधून ठेवते ती तुरटी. लोकर ती लगेच धरते, सुताला मात्र आधी टॅनिन (सालींमधलं तुरट द्रव्य) पाजावं लागतं. मागच्या वेळी आळसाने हा टप्पा गाळला आणि पहिल्याच धुण्यात सगळा रंग पाण्यात गेला. असो.

झेंडूचा पिवळा झकास उतरला. मग सुटली हाव. गंजक्या खिळ्यांचं पाणी (व्हिनेगरमध्ये मुरवलेलं, वास विचारू नका) ‘चमचाभरच’ म्हणत ओतलं. बघता बघता पिवळ्याचा शेवाळी झाला आणि टॅनिन जास्त मुरलं होतं तिथे थेट काळपट. लोह आणि टॅनिन भेटले की शाईच होते, हे माहीत होतं हो, पण हात थांबेल तर ना!

दुसरा तुकडा पानं घालून गुंडाळला, दोऱ्याने करकचून बांधला आणि दोन तास वाफवला. सोडला तर निलगिरीच्या एका पानाची शीर न् शीर कापडावर उमटलेली, किड्याने कुरतडलेल्या भोकासकट. त्या भोकाकडेच कितीतरी वेळ बघत बसले.

शेवाळी तुकड्याचं काय करायचं ते ठरलेलं नाही. सावलीत वाळतोय.