आधी सासूबाईंचा अंगठा, मग माझं मृत्युपत्र

हे गेले तेव्हा पैशाअडक्याच्या बाबतीत मी निर्धास्त होते. सोसायटीत नॉमिनी मी, बँकेतही मीच. वकील म्हणाले, "वहिनी, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, नुसता सांभाळणारा." शेअर आणि म्युच्युअल फंडांनाही हाच न्याय. कालनिर्णयकार जयंत साळगांवकरांच्या वारसांचा खटला थेट सुप्रीम कोर्टात गेला होता, त्यात २०२३ साली हाच निकाल लागला.

यांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. त्यामुळे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आमच्या फ्लॅटचे चार सारखे वाटे झाले: मी, मुलगा, मुलगी आणि सासूबाई. मुलाच्या मिळकतीत आईचाही वाटा असतो, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. सासूबाई ८४ वर्षांच्या. "मला काय करायचाय फ्लॅट," म्हणत त्यांनी हक्कसोडपत्रावर अंगठा दिला, पण त्यासाठी त्यांना खुर्चीत बसवून निबंधक कार्यालयाचा जिना चढवावा लागला. त्या मधेच गेल्या असत्या तर मी दीर-नणंदांच्या सह्या गोळा करत फिरले असते. मुलांनीही आपले वाटे मला सोडले.

वर्षश्राद्ध झालं आणि मी स्वतःच्या मृत्युपत्राला बसले. जाऊबाई म्हणाल्या, "असलं अभद्र काय लिहिता?" मी ऐकलं नाही.

स्टॅम्प पेपर आणायला निघाले होते, तर कळलं की साधा कागद चालतो. मी लिहून नेलं होतं, "फ्लॅट दोघांना निम्मा-निम्मा." वकिलांनी विचारलं, "निम्मा म्हणजे कुठला? हॉल की बेडरूम?" मुलगा इथेच राहतो, मुलगी बंगळुरूला. शेवटी फ्लॅट मुलाला, ठेवी आणि दागिने मुलीला, असं ठरलं. आकडे तंतोतंत जुळत नाहीत. म्हणून दोघांना समोर बसवून आधीच सांगितलं. मुलगी थोडी गप्प झाली, मग म्हणाली, "पाटल्या नक्की ना?" पाटल्या वजनासकट लिहिल्या.

साक्षीदार दोन लागतात. शेजारचे काका हौसेने तयार होते, पण ते ७८ वर्षांचे! साक्षीदार आपल्यामागे हयात हवा, आणि मृत्युपत्रात ज्याला काही मिळतंय तो नको. मग सोसायटीतल्या दोन तरुण मुलांना घेतलं. डॉक्टरांचा दाखला जोडला, पानापानावर सही केली. माझ्या नजरेतून सुटलेलं किंवा पुढे मिळेल ते कुणाला, हे वाक्य वकिलांनी घालायला लावलं. मला ते सुचलंच नसतं. नोंदणी सक्तीची नाही, तरी केली. फी १०० रुपये, पानांचे वेगळे. मन बदललं तर हयातीत केव्हाही नवीन करता येतं, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं.

अडलं ते सासूबाईंच्या तांब्याच्या बंबावर. दोघांनाही तोच हवा. मी लिहिलं, "चिठ्ठी टाकावी." वकील हसले, पण ओळ खोडली नाही.