‘असं नाव नाही’ हे उत्तर कुणी साठवलं?

द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता. अंबडच्या एका निर्यातदाराच्या ऑफिसातून फोन आला. “सर, नवीन पोर्टल मोबाइल डेटावर उघडतंय, ऑफिसात एकाही कॉम्प्युटरवर नाही. पिंपळगावहून कंटेनर निघायचाय, पॅकिंग लिस्ट भरायची कुठे?”

साडेबाराला पोचलो. सगळ्यांचा संशय फायरवॉलवर. पण फायरवॉल आडवी आली, तर बहुतेक वेळा आयपी, म्हणजे साइटचा आकडी पत्ता, सापडतो आणि जोडणी रखडते. इथे तर नावच नाही म्हणत होतं: एनएक्सडोमेन. पोर्टलच्या मूळ नेमसर्व्हरला, म्हणजे त्या नावाची अधिकृत नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरला, थेट विचारलं, तर तो आयपी बरोबर देत होता.

मग ऑफिसच्या लिनक्स सर्व्हरवरच्या बाइंडला, म्हणजे नावावरून आयपी शोधून देणाऱ्या प्रोग्रॅमला, ‘डिग’ या तपासणीच्या कमांडने पुन्हा पुन्हा विचारत राहिलो. ‘नाही’च्या खाली एसओएची, म्हणजे डोमेनच्या मुख्य नोंदीची, ओळ, तिच्यात साडेचार हजारांच्या आसपासचा आकडा, आणि तो सेकंदासेकंदाने उतरत होता. म्हणजे उत्तर ताजं नव्हतंच, साठवलेलं होतं, आणि आकडा ही त्याची उरलेली मुदत.

“ताई, सकाळी कुणी पोर्टल उघडून पाहिलं होतं का?”

“हो, मीच. पावणेअकराला. लिंक कालच आली होती ना.”

वेबसाइटवाल्यांनी नेमसर्व्हरवर पोर्टलच्या नावाचं रेकॉर्ड टाकलं होतं साडेअकराला.

पावणेअकराला बाइंडने रीतसर चौकशी केली होती. सगळ्यात वरच्या रूट सर्व्हरांनी .इन कडे पाठवायचं, .इनने त्या डोमेनच्या नेमसर्व्हरकडे. तिथे तेव्हा नाव नव्हतंच, आणि ते ‘नाही’ बाइंडने जपून ठेवलं. किती वेळ, ते डोमेनच्या एसओएमधला शेवटचा आकडा ठरवतो. इथे 10800, म्हणजे तीन तास. 1998 च्या आरएफसी 2308 या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात हा नियम नीट मांडलाय, आणि मला तो योग्यच वाटतो. नाहीतर प्रत्येक चुकीच्या स्पेलिंगसाठी पुन्हा वरपर्यंत धाव घ्यावी लागली असती. पॉल मॉकापेट्रिस यांनी 1983 मध्ये नावांवरून पत्ते शोधायची ही रचना (डीएनएस) मांडली, त्याआधी नावांची एकच फाइल जो तो उतरवून घेत असे. आजचा पसारा पेलतोय तो अशा साठवणीच्या जोरावर.

काही केलं नसतं, तरी पावणेदोनला पोर्टल आपोआप उघडलं असतं. मधल्या वेळात कुणी मोडेम बंद-चालू केला असता, तर श्रेय त्यालाच गेलं असतं! अशी कितीतरी खरी कारणं कधी कळतच नाहीत.

बाइंडमधून तेवढं एक नाव पुसलं, कॉम्प्युटरांची कॅशे, म्हणजे तात्पुरती साठवण, रिकामी केली. ताईंनी लगेच यादी भरायला घेतली. वेबसाइटवाल्यांना तिथूनच फोन लावला: आधी रेकॉर्ड टाका, नेमसर्व्हरला विचारून खात्री करा, मगच लिंक पाठवा. आणि तो 10800 चा आकडा 300 वर आणा.