टेनेसी कोनफ्लॉवर लावताना: माझा अनुभव

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, नॅशव्हिल शहरातल्या आमच्या घरामागे वीतभर माती, खाली चुनखडीचा खडक. ट्रकभर काळी माती मागवा, असं सगळे सांगत होते. मी नाही मागवली, कारण मला जे फूल हवं होतं त्याला अशीच जागा लागते.

टेनेसी कोनफ्लॉवर हे रानफूल मूळचं फक्त या शहराच्या आसपासचं, तेही 'सीडर ग्लेड' म्हणतात त्या उघड्या खडकाळ माळांवर. मी साताऱ्याची, त्यामुळे कासचं पठार डोळ्यांपुढे आलं: तिथे जांभा, इथे चुनखडी, आणि दोन्हीकडे पातळ मातीतच फुलणारी झाडं. हे फूल नामशेष झालं असंच लोक धरून चालले होते. १९६०च्या दशकात ते पुन्हा सापडलं, १९७९ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेलं आणि राखलेल्या माळांमुळे २०११ मध्ये त्यातून बाहेर आलं.

बी देशी झाडांच्या नर्सरीतून घेतलं. रानातलं आणायचंच नाही. त्याला थंडी लागते, म्हणून ओलसर वाळूत मिसळून फ्रिजमध्ये ठेवलं आणि वसंतात पेरलं. सोटमूळ खोल जातं, तेव्हा रोपं लहान असतानाच कायमच्या जागी हलवली. खत अजिबात नाही. पाणी फक्त रुजेपर्यंत. काम खरं एकच, गवत उपटत राहणं. हे झाड उन्हाला, दुष्काळाला पुरून उरतं, पण दाटीत टिकत नाही.

पहिल्या वर्षी नुसती पानं आली. पुढच्या उन्हाळ्यात फुलं आली ती किंचित वर वळलेल्या पाकळ्यांची, पूर्वेकडे तोंड केलेली! त्यावर बंबलबी या गुबगुबीत रानमधमाशा आल्या, हिरव्या चकाकणाऱ्या चिमुकल्या मधमाशा आल्या. पोळ्यातली मधमाशी इथे युरोपातून आलेली. या मात्र इथल्याच. यांतल्या बऱ्याच जमिनीत बीळ करून राहतात, म्हणून वाफ्याशेजारी थोडी जमीन उघडी ठेवली आहे, लाकडाचा भुसा न पसरता. वाळलेली बोंडं हिवाळाभर तशीच राहू देते, गोल्डफिंच पक्षी बी टिपतात. वसंतात दांडे फूटभर ठेवूनच छाटते, पोकरलेल्या दांड्यांत काही माशा घरटी करतात.

आता ओळखीची मंडळी बी मागतात. मी आधी विचारते, तुमच्या बागेत नेहमीचं जांभळं कोनफ्लॉवर आहे का? असेल तर देत नाही. दोघांचा सहज संकर होतो, आणि मग पुढचं बी टेनेसीचं उरत नाही.