लाइट लावले की पेट्रोल वाढतं

परवा दुपारीच अंधारून आलं म्हणून हेडलाइट लावले, तर पेट्रोलचा काटा पाव टाकीवरून सरळ अर्ध्यावर. शेजारचा टेम्परेचरचा काटाही सरकला वर. लाइट बंद केले, दोघं परत जागेवर. बायको म्हणाली, मग लाइट लावूनच चालवत जा की, परवडेल.

मारुती ८०० आहे आमची. २०१४ पासून कंपनीत बनत नाही, पण पार्ट अजून मिळतात. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं न उघडताच सांगितलं, डॅशबोर्डवरचा काट्यांचा अख्खा मीटर बदलावा लागेल साहेब. आता दोन काटे ठरवून एकाच सेकंदाला कसे बिघडतील? दोघांचं जे कॉमन आहे ते आधी बघायचं, आणि कॉमन म्हणजे बहुतेक वेळा अर्थिंग, म्हणजे करंटचा गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परत जायचा रस्ता.

हे मला लहानपणीच कळलंय. बाबांची प्रीमियर पद्मिनी होती, म्हणजे फियाटच म्हणायचे सगळे, गिअर स्टिअरिंगला. वायरिंगवाले काका आले की त्यांचं डोकं डॅशबोर्डखाली आणि पाय दाराबाहेर, बाबा सीटवर एक पाय आत टाकून ब्रेक दाबायला, आणि मी मागे उभा. काम एकच, लागला की ओरडायचं. एकदा ब्रेक दाबला तर डावा दिवा मिणमिणता लागला आणि बाजूचा इंडिकेटरही हलकासा पेटला. मी तसं सांगितलं तर आतून बाबा, "अरे नीट बघून सांग!" काका मात्र सरपटत बाहेर आले, मागे येऊन बघितलं, म्हणाले पोरगा बरोबर सांगतोय. होल्डर काढला, आतली पट्टी हिरवी पडलेली, पॉलिश पेपरनं घासली, स्क्रू आवळला, झालं. म्हणाले, करंटला घरी जायचा रस्ता बंद दिसला की तो शेजाऱ्याच्या घरातून जातो, म्हणून शेजारचा दिवा पेटतो. फिजिक्सच्या सरांनी नंतर दोन तास घेऊन हेच शिकवलं, पण मार्क त्यांच्याच हातात होते.

काकांकडे मल्टिमीटर वगैरे नव्हता, एक बल्ब आणि दोन वायरी. मी हौसेनं डिजिटल मीटर घेतलाय, पण गाडीत अजून बल्बच वापरतो. वायर आतून तुटत तुटत एकाच तारेवर आली असली तरी मीटर आपला १२ व्होल्ट दाखवून मोकळा, त्यातून करंट कुठे ओढला जातोय. बल्ब लगेच मंद होतो. फ्यूजचंही तेच, नुसतं बघून चांगला वाटतो, म्हणून त्याच्या डोक्यावर जे दोन बारीक उघडे ठिपके असतात तिथे बल्बची वायर टेकवून बघायची. एकीकडे बल्ब लागला आणि दुसरीकडे नाही, तर गेला.

आणि फ्यूज गेला तर तेवढ्याच अँपिअरचा टाकावा. लाल १०, निळा १५, पिवळा २०. सारखा उडतो म्हणून लालच्या जागी पिवळा टाकणारी माणसं बघितली की माझं डोकं फिरतं. फियाटच्या त्या टोकदार फ्यूजना लोक सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायचे, ते ह्यांचेच पूर्वज. अरे, तो उडतोय म्हणजे काहीतरी सांगतोय, त्याचं तोंड बंद केलं की मग वायरच फ्यूज होते, आणि ती जळते डॅशबोर्डच्या मागे, जिथे हात पोचत नाही. ह्या विषयावर मी लग्नातसुद्धा भांडलोय.

तर ८०० च्या काट्यांच्या मीटरला मागून एक जादा वायर जोडली, दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला धरलं, लाइट लावले. काटे ढिम्म. खरी अर्थिंगची वायर बॉडीला जिथे बोल्टनं बसते तिथे गंज निघाला, पावसाळ्यात कार्पेट ओलं राहतं ना, त्याची कृपा. घासला, आवळला, वर थोडं ग्रीस. खर्च पॉलिश पेपरचा. गॅरेजवाल्याला सांगितलं तर म्हणाला, टेम्पररी आहे ते.

रूम लॅम्प अजून लागत नाही. वायर छताच्या आतून जाते, म्हणजे छताचं कापड उतरवायचं, ते परत तसंच ताणून बसवायचं, आणि ते तसंच कधीच बसत नाही. मोबाइलला टॉर्च आहे.