सगळीच बिनवासाची झाडं संकर नसतात

नर्सरीवाल्या काकांनी पानांच्या पिशव्या टेबलावर मांडल्या. "मॅडम, ही सिट्रिओडोरा, म्हणजे लिंबाच्या वासाची निलगिरी, म्हणून लावली. तेल काढणारा म्हणतो, काही झाडांना लिंबाचा वासच नाही. बी भेसळीचं निघालं का, तेवढं सांगा."

नुसती पानं बघून सांगता येत नव्हतं. कोवळ्या सिट्रिओडोराची पानं केसाळ, देठ कडेला न जुळता पानाच्या पोटात जुळलेला. टोरेलियाना या दुसऱ्या निलगिरीचीही पानं तशीच, आणि ती वारा अडवायला बांधावरच उभी. या दोन निलगिऱ्यांचा संकर होतो, त्यामुळे संशय रास्त होता.

प्रत्येक झाडाची पानं वेगळी ठेवून क्लेव्हेंजरमध्ये, म्हणजे वाफेबरोबर तेल वेगळं काढणाऱ्या काचेच्या उपकरणात, तीन-तीन तास उकळली, बांधावरच्या टोरेलियानाचीही. तेल सोडियम सल्फेटवर सुकवलं, हेक्सेनमध्ये पातळ केलं आणि जीसी-एमएसला, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्राला, लावलं.

चांगल्या झाडांचा आलेख बघत राहावा असा होता: मधोमध लिंबाचा वास देणाऱ्या सिट्रोनेललचा एकच उंच पीक (सुळका), बाकी सगळं त्याच्या पायाशी. टोरेलियानात सुरुवातीलाच अल्फा-पायनीन या घटकाचा पीक. संशयितांपैकी दोन झाडांत दोन्ही पीक ठळक दिसले. संकरात सगळे घटक बरोबर मधोमध येतात असं नाही, पण दोन्ही आईबापांची खूण एकाच तेलात मिळाली की शंकेला फारशी जागा उरत नाही.

मग तिसरं झाड. सिट्रोनेलल जेमतेम. माझा सहकारी लगेच म्हणाला, "हाही संकर, लिहून टाकू." मी त्याला थांबवलं. पायनीन कुठे होतं? त्याऐवजी सिट्रोनेलॉल आणि ग्वायॉल हे वेगळेच घटक वर आले होते. टोरेलियानाचा मागमूसही नव्हता.

1927 साली ऑस्ट्रेलियात पेनफोल्ड आणि मॉरिसन या रसायनशास्त्रज्ञांनी युकॅलिप्टस डाइव्हज या निलगिरीत हेच दाखवलं होतं: दिसायला एकसारखी झाडं, पण एकाच्या तेलात पिपेरिटोन, तर दुसऱ्याच्या तेलात सिनिओल. पुढे सिट्रिओडोरातही असे प्रकार सापडले. जात तीच, तेल वेगळं. बी विकणाऱ्यावर ठपका ठेवण्याआधी हा फरक कळायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

अहवालात दोन झाडं संभाव्य संकर आणि तिसरं कमी सिट्रोनेललचं सिट्रिओडोरा असं लिहिलं. तिन्हींची पानं डीएनए तपासणीला पाठवायची शिफारस केली. काकांना सांगितलं, "तिसऱ्याचं बी लिंबाच्या तेलासाठी धरू नका. आणि यापुढे बी टोरेलियानापासून लांबच्या झाडांचंच घ्या."