कर्दळ लावा, आणि मुख्य म्हणजे कापा

इंदूरला कुठल्याही नर्सरीत जा, गुलाब, अडेनियम, बोगनवेल सगळं पुढे मांडलेलं असतं आणि कर्दळ मागे कुठेतरी, पाण्याच्या टाकीपाशी, काळ्या पिशव्यांमधे. विचारलं की माळी सांगणार, "कैना? वो तो कहीं भी लग जाता है." लागते हे खरंच आहे. म्हणूनच ती रस्त्याच्या डिव्हायडरवर लावतात, नाल्याकाठी लावतात, आणि मग कोणी तिच्याकडे ढुंकून बघत नाही. ओळखीतले लोक मला म्हणतात की आमच्याकडे नुसती पानंच पानं, फूल एखादं, आणि मे महिन्यात तर चिंध्या झाल्यासारखी दिसते, उपटून टाकावी वाटते. अहो उपटू नका, कापा!

कारण कर्दळीचा एक दांडा म्हणजे एकच बहर. कोंब जमिनीतून वर येतो, सात-आठ पानं टाकतो, मग शेंड्याला तुरा येतो. तो तुरा संपला की लोक एक तर काहीच करत नाहीत नाहीतर लगेच सगळा दांडा उडवतात, आणि दोन्हीत नुकसान आहे. सुकलेल्या तुऱ्याच्या थोडं खाली नीट बघा, देठाच्या बगलेत एक चपटी हिरवी टोकदार कळी चिकटून बसलेली असते, बोट फिरवलं तरी कळते. तो दुसरा तुरा. त्याच्या वरपर्यंतच कापायचं. तो फुलला की बऱ्याचदा त्याच्याखाली तिसरा निघतो. हे सगळे संपले आणि बगलेत आता काही उरलं नाही असं दिसलं की मग मात्र दया माया न करता अख्खा दांडा जमिनीलगत. त्या दांड्याला आता परत कधीच फूल येणार नाही, तो नुसती जागा अडवणार, आणि कापला की बाजूच्या कोंबांना ऊन मिळतं. मी कापलेले दांडे तिथेच बारीक तुकडे करून वाफ्यात पसरते, कचऱ्याच्या गाडीत टाकायचं जीवावर येतं, आणि उन्हाळ्यात ते आच्छादन म्हणून फार कामाला येतं.

दुसरी गोष्ट पाणी. आमच्या आजीचं घर रामबागेत होतं, तिथे मोरीचं पाणी मागच्या अंगणात निघायचं आणि त्या पाण्यावर अळू, केळ आणि लाल कर्दळ. बहुतेक जुन्या मराठी घरांत हेच दृश्य असायचं. आणि त्यात शहाणपण होतं, कारण कर्दळीची मुळं दलदलीतही कुजत नाहीत, उलट त्या मुळांवर जे जीवाणू वाढतात ते सांडपाण्यातली घाण खातात आणि त्यातलं नत्र-स्फुरद झाड स्वतः ओढून घेतं. आता सांडपाणी शुद्ध करायला खडी-वाळूचे वाफे बनवतात ना, रूट झोन म्हणतात त्याला, त्यात जगभर कर्दळ लावतात. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी, आरओचं फुकट जाणारं पाणी, सगळं तिला चालतं. नर्मदेचं पाणी इतक्या लांबून, जलूदहून पंप करून आपल्यापर्यंत चढवून आणतात, ते नळी लावून बागेत सोडायचं म्हणजे मला तरी पटत नाही, त्यामुळे हे झाड मला आणखीच आवडतं.

आणि आपली माळव्याची काळी माती! पावसाळ्यात चिखलाचा गोळा, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा. या मातीत गुलाबाला पावसाळ्यात मूळकूज लागते, जरबेरा तर विचारूच नका. कर्दळीला मात्र हीच माती मानवते कारण ती ओल धरून ठेवते. फक्त लावताना खड्ड्यात शेणखत भरपूर, अगदी निम्मा खड्डा भरला तरी चालेल. कंद आडवा ठेवायचा, डोळे (कोंब फुटायच्या जागा) वरच्या बाजूला, वर साधारण 10 सेंटीमीटर माती. तुकडा करताना प्रत्येकाला दोन-तीन तरी डोळे हवेत, आणि दोन तुकड्यांत दीड-दोन फूट अंतर ठेवा, सुरवातीला रिकामं रिकामं वाटतं पण ती भरून काढते. थंडी सरली की फेब्रुवारी-मार्चमधे लावा किंवा जूनचा पहिला पाऊस पडल्यावर. ऊन किमान सहा तास हवं, याला पर्याय नाही, सावलीत नुसती उंच होते आणि फूल रुसतं.

खताच्या बाबतीत ती खादाड आहे. महिन्या-दीड महिन्याने मूठभर निंबोळी पेंड, थोडं गांडूळखत, आणि कंडे (गोवऱ्या) किंवा लाकूड जाळलेली राख मिळाली तर ती सोन्यासारखी जपून थोडी थोडी घाला, पालाश मिळतं. युरिया मात्र टाळा, पानं ही मोठी होतात आणि तुरे कमी.

कर्दळ मूळची अमेरिकेतली, दक्षिण आणि मध्य अमेरिका, वेस्ट इंडिज तिकडची. अँडीज भागात तिचे कंद भाजून-उकडून खातात आणि व्हिएतनाममधे तिच्या पिठाच्या पारदर्शक शेवया करतात. आपण बागेत लावतो त्या मोठ्या फुलांच्या जाती 19व्या शतकात फ्रान्समधे संकरातून तयार व्हायला लागल्या, आधी तेओदोर आने आणि नंतर लिऑनचा क्रोझी, मग इटलीत ऑर्किडसारख्या रुंद मऊ फुलांच्या जाती निघाल्या. आपल्याकडे कोलकात्याला अलीपूरची अ‍ॅग्री हॉर्टिकल्चरल सोसायटी आहे, विल्यम केरीने 1820 मधे काढलेली, तिथे पर्सी-लँकेस्टर यांनी कितीतरी नव्या कर्दळी तयार केल्या. म्हणजे हे काही नाल्यावरचं झाड नाही हो, लोकांनी आयुष्यं घातली आहेत यात.

माझ्या मते सुरवात करणाऱ्याने बेंगाल टायगर घ्यावी, हिरव्या पानांवर पिवळ्या रेघा आणि केशरी फूल, फूल नसलं तरी झाड देखणं. क्लिओपात्रा पण बघा, एकाच तुऱ्यात लाल आणि पिवळं, कधी एकाच फुलात अर्धं-अर्धं. आणि जुनी अरुंद पाकळीची लाल साधी कर्दळ सोडू नका, शिंजीर पक्षी सगळ्यात आधी तिच्यावरच येतात, आणि काटेरी बोंडातून काळ्या गोळ्यांसारख्या कडक बिया तिलाच धरतात. मोठ्या फुलांच्या बऱ्याच जातींना बी धरतच नाही. बी लावायचं असेल तर कानशीने किंवा पॉलिश पेपरने एका बाजूला घासून आतलं पांढरं दिसेपर्यंत, मग दिवसभर कोमट पाण्यात, नाहीतर ते कित्येक महिने ढिम्म.

एकदा सकाळी फूल हातात घेऊन बघाच. आपण ज्याला पाकळ्या समजतो त्या पाकळ्या नाहीतच, ते पसरट झालेले पुंकेसर आहेत. खऱ्या पाकळ्या खाली, अरुंद, टोकदार, फारशा डोळ्यात न भरणाऱ्या. त्या रंगीत पसाऱ्यातल्या एकाच्याच कडेला परागाची पिशवी असते, अर्धीच, आणि मधली चपटी पट्टी म्हणजे स्त्रीकेसराचा दांडा. फूल उमलायच्या आधीच पराग या पट्टीवर चिकटवून ठेवलेला असतो! भिंगातून पिवळसर पिठासारखा स्वच्छ दिसतो.

रोगांत दोनच गोष्टींकडे लक्ष द्या. पावसाळ्यानंतर पानाच्या मागे नारिंगी पुळ्या आल्या तर तो तांबेरा, ती पानं काढून टाका आणि झाडांत हवा खेळू द्या. दुसरा व्हायरस, तो वाईट. साध्या हिरव्या जातीच्या पानावर शिरांच्या बाजूने पिवळे तुटक पट्टे, मग तपकिरी, झाड खुरटलेलं. यावर औषध नाही, गड्ड्यासकट उपटून टाकायचं आणि त्या झाडाला लावलेलं सिकेटर (छाटणीची कात्री) स्पिरिटने पुसल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावायचं नाही. म्हणूनच नर्सरीतून घेताना फुलाच्या रंगाआधी पान उजेडात धरून बघा.

दर दोन-तीन वर्षांनी गड्डा खणून वाटून टाकावा लागतो, नाहीतर मधला भाग पोकळ होतो आणि झाड कडेकडेनेच फुटतं. माझ्याकडे यंदा जूनमधे लाल आणि टायगर दोन्हींचे कंद निघणार आहेत, ओळखीतल्या कोणाला हवे असतील तर पहिल्या पावसानंतरच्या रविवारी पिशवी घेऊन या, माती लागलेलेच देते, धुवून ठेवू नका, तसेच लावा.